इंग्रजीचा ॲक्सेंट 'तिकडचा' की 'इकडचा': खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून इंग्रजी बोलण्याबद्दल जे प्रश्न सतत येतात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांत पुण्या-नाशकात कॉल सेंटरच्या मुलाखती देणारी मुलं आहेत, परदेशी जायची तयारी करणाऱ्या नर्स आणि विद्यार्थी आहेत, फोनवर बोलून माल विकणारे केळीचे व्यापारी आहेत आणि मुलांच्या शाळेची काळजी करणारे पालकही आहेत. इंग्रजी शब्द कानाला येतात तसे देवनागरीत लिहिले आहेत. ते मोठ्याने म्हणत वाचा, नुसतं डोळ्यांनी वाचून हा विषय कळत नाही. एक गोष्ट दोनदा लिहिलेली नाही. जिथे गरज आहे तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. बोलणारा जन्मापासून इंग्रजी बोलणारा आहे की नंतर शिकलेला, हे लोकांना इतक्या पटकन कसं कळतं?

बहुतेकांना पहिल्या वाक्यातच कळतं. कधी कधी वाक्यही लागत नाही. 1984 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात फ्रेंच भाषकांचं इंग्रजी अमेरिकन श्रोत्यांना तुकड्या-तुकड्यांनी ऐकवलं होतं. 'टू' या शब्दाचा सुरुवातीचा सुमारे 30 मिलिसेकंदांचा तुकडा, म्हणजे जीभ सुटतानाचा नुसता आवाज, तेवढ्यावरही श्रोत्यांची ओळख निव्वळ अंदाजापेक्षा जास्त वेळा बरोबर निघाली.

लहानपणापासून कानावर पडलेल्या हजारो आवाजांशी कान नवा आवाज ताडून पाहतो. हे काम इतकं झटपट होतं की श्रोत्याला स्वतःलाही कारण सांगता येत नाही. म्हणून एक गोष्ट पक्की धरा: 'हा बाहेरचा वाटतो' हा श्रोत्याचा निकाल बराच भरवशाचा असतो, पण त्याने दिलेलं कारण सहसा भरवशाचं नसतं. 'फार भरभर बोलतो' किंवा 'र नीट म्हणत नाही' असं लोक सांगतात, आणि खरी गोम शब्दावरच्या आघातात, म्हणजे शब्दाच्या कोणत्या भागावर जोर येतो त्यात असते.

2. मग नेमकं काय ऐकून ओळखतात? मराठी माणसाच्या बाबतीत सांगा.

सगळ्यात मोठी खूण आघाताची. इंग्रजीत शब्दातल्या एका अवयवावर (एका दमात म्हटल्या जाणाऱ्या तुकड्यावर, जसे 'ब-ना-ना' चे तीन) जोर येतो आणि बाकीचे अवयव दबतात. मराठीत आपण सगळे अवयव जवळपास सारख्या वजनाने म्हणतो. यासाठी प्रश्न 4 वेगळा ठेवला आहे.

दुसरी खूण शब्दाच्या सुरुवातीच्या प, ट, क यांची, तिच्यासाठी प्रश्न 3 पाहा.

तिसरी खूण ट आणि ड यांची. आपण जिभेचं टोक वळवून टाळूला लावतो. इंग्रजीत ते वरच्या दातांमागच्या उंचवट्यावर, म्हणजे आपण 'ल' म्हणताना जीभ जिथे टेकते तिथे लागतं. 'ला-ला-ला' म्हणता म्हणता जीभ तिथेच ठेवून 'टा-टा-टा' म्हणा, फरक लगेच कळेल. भारतीय इंग्रजीची ही जगभर ओळखली जाणारी खूण आहे. पण समजण्याच्या दृष्टीने ती जवळजवळ निरुपद्रवी आहे, म्हणून तिच्यामागे महिना घालवू नका.

चौथी खूण 'व' ची. 'व्हेस्ट' आणि 'वेस्ट', 'व्हाइन' आणि 'वाइन' हे आपल्या तोंडून एकच होतात. पहिल्यात वरचे दात खालच्या ओठावर टेकून घर्षणाचा आवाज यायला हवा. दुसऱ्यात दातांचा संबंधच नाही: 'उ' म्हणताना करतो तसे ओठ गोल करायचे आणि तिथून 'एस्ट' वर घसरायचं. इथे एक चूक हमखास होते. शिकवल्यावर मुलं सगळीकडेच ओठ गोल करू लागतात आणि 'व्हेरी' चं 'उएरी' होतं. जोड्या करूनच सराव करावा, एकटा शब्द घेऊ नये.

त्यानंतर स्वर येतात. 'गो' आणि 'डे' यांत आपला ओ आणि ए सरळ राहतो; ब्रिटिश किंवा अमेरिकन तोंडात तो शेवटाकडे 'उ' किंवा 'इ' कडे सरकतो. शेवटी 'थिंक' मधला थ आणि 'दिस' मधला द. लोक सगळ्यात जास्त काळजी याचीच करतात आणि ती सगळ्यात कमी गरजेची आहे (प्रश्न 6 पाहा).

3. मी 'पॅक' म्हणतो, समोरच्याला 'बॅक' ऐकू येतं. 'कोल्ड' म्हटलं की 'गोल्ड'. माझ्या फोनचा दोष आहे का?

फोनचा नाही. ही मराठी आणि इंग्रजी यांच्यातली खरी तफावत आहे आणि ती मोजलेली आहे. मराठीत प आणि फ, ट आणि ठ, क आणि ख हे वेगळे वर्ण आहेत. आपला साधा 'प' म्हणजे श्वास न सोडता म्हटलेला. इंग्रजीत जोरदार अवयवाच्या सुरुवातीला येणारे प, ट, क श्वासाचा झोत सोडून म्हटले जातात, आणि इंग्रजी कान त्या झोतावरूनच 'पॅक' आणि 'बॅक' वेगळे करतो. झोत नसला की त्याला 'ब' वाटतो.

ओठ किंवा जीभ सुटल्यापासून स्वराची कंपनं सुरू होईपर्यंत किती वेळ जातो, हे लिस्कर आणि अब्राम्सन या संशोधकांनी 1964 मध्ये 11 भाषांत मोजलं. त्यांत मराठीही होती. इंग्रजीत ही सरासरी प साठी 58, ट साठी 70 आणि क साठी 80 मिलिसेकंदांच्या आसपास आहे. मराठीच्या साध्या प, ट, क मध्ये ती साधारण 0 ते 25 मध्ये असते. कानाला हा फरक भरपूर होतो.

घरी तपासायला टिश्यू पेपरची एक पट्टी ओठांसमोर दोन-तीन सेंटीमीटरवर धरा. 'पिन' म्हटल्यावर ती उडाली पाहिजे, 'बिन' म्हटल्यावर जवळपास स्थिर राहिली पाहिजे. आता 'स्पिन' म्हणा. पट्टी हलता कामा नये, कारण 'स' नंतरच्या प, ट, क ला इंग्रजीतही झोत नसतो. 'स्टॉप', 'स्कूल', 'स्पीक' हे शब्द म्हणूनच मराठी माणसाचे आधीपासूनच बरोबर असतात. 'पेपर' मध्येही पहिल्या प ला झोत द्यायचा, दुसऱ्याला नाही.

'फ' म्हणून पाहू नका. आजकाल बहुतेकांचा 'फ' दात-ओठांचा झाला आहे आणि 'पिन' चं थेट 'फिन' होतं. आधी ओठ पूर्ण मिटायचे, मग 'प' च्या पाठीमागे हलका 'ह' सोडायचा.

4. आघात म्हणजे नेमकं काय करायचं? मोठ्याने बोलायचं का?

मोठ्याने बोलून भागत नाही. ज्या अवयवावर आघात आहे तो लांबतो, त्याचा सूर बदलतो आणि स्वर स्वच्छ राहतो. बाकीचे अवयव आखूड होतात आणि त्यांचे स्वर पुसट 'अ' कडे झुकतात. हे पुसट होणं शिकणाऱ्याला सगळ्यात अवघड जातं, कारण शाळेत आपल्याला प्रत्येक अक्षर स्पष्ट म्हणायला शिकवलेलं असतं.

रावेर-यावल पट्ट्यात रोज लागणारा शब्द घ्या, 'बनाना'. आपण तिन्ही अवयव सारखे म्हणतो आणि शेवटचा 'ना' चांगला लांबवतो. ब्रिटिश तोंडात पहिला 'ब' जेमतेम ऐकू येतो, मधला 'ना' लांब आणि शेवटचा पुसट 'न': ब-नाऽ-न. अमेरिकन तोंडात मधला 'नॅऽ' होतो, पण वजनाची मांडणी तीच. 'होटेल' मध्ये जोर 'टेल' वर, 'डेव्हलप' मध्ये 'व्हे' वर. 'फोटोग्राफ' मध्ये जोर 'फो' वर असतो, पण 'फोटोग्राफी' म्हटलं की तो 'टॉ' वर सरकतो आणि 'फो' चा 'फ' होतो. 'रेकॉर्ड' नाम असेल तर जोर आधी, क्रियापद असेल तर नंतर.

चुकीच्या जागी आघात पडला तर प्रत्येक वर्ण बरोबर असूनही शब्द ओळखू येत नाही. वर्ण चुकला आणि आघात बरोबर असला तर बहुतेक वेळा शब्द ओळखू येतो. वेळ कमी असेल तर आघातापासून सुरुवात करा, असं आम्ही ठामपणे सांगतो.

दोन जागी यात पैशाचं नुकसान होऊ शकतं. पहिली 'थर्टीन' आणि 'थर्टी'. केळीचा कंटेनर साधारण 13 ते 14 अंशांवर ठेवतात. समोरच्याने 30 ऐकलं तर काय होईल ते सांगायला नको. 'थर्टीन' मध्ये 'टीऽन' लांबवायचा आणि शेवटचा 'न' पूर्ण म्हणायचा, 'थर्टी' चा शेवट आखूड तोडायचा. आकडा महत्त्वाचा असेल तर लगेच 'वन-थ्री' असं सुटं म्हणा. पंधरा-पन्नास, सोळा-साठ यांनाही हेच लागू.

दुसरी जागा 'कॅन' आणि 'कान्ट'. 'आय कॅन सेंड इट' मध्ये 'कॅन' दबून 'कन' होतो आणि जोर 'सेंड' वर जातो. अमेरिकन उच्चारात नकारातला शेवटचा ट जवळपास गिळला जातो, म्हणून तिथला श्रोता स्वराच्या वजनावरून होकार-नकार ओळखतो. तुम्ही होकारातही भरभक्कम 'कॅन' म्हटलं की त्याला नकार वाटू शकतो.

5. आम्ही घरी अहिराणी बोलतो. अहिराणीचा परिणाम इंग्रजीवर कुठे पडतो? मराठीपेक्षा जास्त पडतो का?

ज्या लकबींची लोकांना लाज वाटते, त्यांचा इंग्रजीशी बहुधा काही संबंधच नसतो. अहिराणीत आणि लेवा बोलीत ळ चा य होतो: डोळा-डोया, काळा-काया. ण चा न होतो: पाणी-पानी. इंग्रजीत ळ आणि ण हे वेगळे वर्ण नाहीतच, त्यामुळे या सवयीने इंग्रजीचं काहीच बिघडत नाही. 'तुझं मराठीच शुद्ध नाही, इंग्रजी कसं येणार' असं मुलांना सांगणं चुकीचं आहे आणि ते थांबायला हवं.

परिणाम पडतो तो तीन ठिकाणी. ज्या घरांत श आणि स यांत फरक केला जात नाही, तिथे 'शी' आणि 'सी', 'शिप' आणि 'सिप' यांची गल्लत होते. ऑ चा आ होतो: 'कालेज', 'डाक्टर', 'हाल'. आणि ॲ चा या होतो किंवा ए कडे झुकतो: 'ब्याग', 'ब्यांक', किंवा 'बॅड' आणि 'बेड' एकच. यातली तिसरी गोष्ट सगळ्यात आधी सुधारावी. जबडा 'ए' पेक्षा बोटभर जास्त उघडा, 'या' येऊ देऊ नका.

मराठीने आपल्याला एक गोष्ट फुकट दिलेली आहे. 'जग' मधला ज आणि 'जीव' मधला ज आपण वेगळे म्हणतो, त्यामुळे 'झिरो' किंवा 'झू' मधला आवाज आपल्या तोंडात जवळपास तयार असतो. मात्र 'मेझर', 'प्लेझर', 'टेलिव्हिजन' मधला आवाज वेगळा आहे. 'श' म्हणत राहा आणि तसाच धरून घशातून कंपन द्या.

नंदुरबारमध्ये ज्या मुलांच्या घरी भिली, पावरी किंवा मावची बोलतात, त्यांची इंग्रजी ही तिसरी किंवा चौथी भाषा असते. त्यांच्या चुकांना 'मराठी ॲक्सेंट' समजून मराठीचे उपाय लावू नयेत. आधी त्या मुलाच्या घरच्या बोलीत कोणते आवाज आहेत ते ऐकावं.

6. नेटिव्ह, म्हणजे जन्मापासून इंग्रजी बोलणारा, तो ब्रिटिश धरायचा की अमेरिकन?

दोन्ही, आणि आणखी बरेच. स्कॉटलंडचा माणूस 'र' स्पष्ट म्हणतो, लंडनकडचा 'कार' मधला 'र' म्हणत नाही, अमेरिकन जीभ मागे ओढून म्हणतो. ऑस्ट्रेलियात 'डे' हा 'डाय' कडे झुकतो. न्यूझीलंडमध्ये 'फिश' आपल्याला 'फश' ऐकू येतो. आयर्लंडच्या बऱ्याच भागांत 'थ्री' मधला थ दातांवर जीभ अडवून म्हणतात, जवळपास आपल्यासारखा, आणि लंडनच्या काही वस्त्यांत त्याचा 'फ' होतो. ही सगळी जन्मजात इंग्रजी बोलणारी माणसं आहेत.

म्हणून एका खुणेवरून निकाल देऊ नये. थ दातांचा आहे, र खणखणीत आहे एवढ्यावर कोणी 'बाहेरचा' ठरत नाही. चार-पाच खुणा एकाच गावाच्या बोलीत बसतात का, हे कान पाहतो. 'वॉटर' चं 'वॉडर' केलं, पण ट-ड जीभ वळवून, 'कॅन' भरभक्कम आणि सगळे अवयव सारखे, असं मिश्रण जगात कुठल्याच गावचं नसतं. नकली अमेरिकन ॲक्सेंट पकडला जातो तो इथे.

7. भुसावळला अँग्लो-इंडियन कुटुंबं होती. त्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या इंग्रजीच. मग त्यांचा ॲक्सेंट नेटिव्ह की भारतीय?

दोन्ही. याच उदाहरणावर 'नेटिव्ह' आणि 'फॉरेन' ही सरळ विभागणी मोडते. भुसावळच्या रेल्वे वसाहतीतल्या ज्या घरांची मातृभाषा इंग्रजी, ती माणसं व्याख्येने नेटिव्ह आहेत. पण त्यांचं इंग्रजी भारतात घडलेलं आहे आणि लंडनच्या श्रोत्याला ते भारतीयच वाटेल. 2011 च्या जनगणनेत सुमारे 2 लाख 60 हजार भारतीयांनी इंग्रजी ही मातृभाषा नोंदवली आहे.

तेव्हा श्रोता जेव्हा 'फॉरेन' म्हणतो, तेव्हा तो 'माझ्या कानाला सवयीचा नाही' एवढंच सांगत असतो. बोलणाऱ्याला इंग्रजी किती येतं, किंवा ती त्याची पहिली भाषा आहे का, हे त्यातून सिद्ध होत नाही. 1985 मध्ये भाषाशास्त्रज्ञ ब्रज काचरू यांनी जगातल्या इंग्रजीची तीन वर्तुळं मांडली, त्यात भारत दुसऱ्या वर्तुळात येतो: इथे इंग्रजी बाहेरून आली, पण आता तिचे इथले स्वतःचे नियम आहेत.

8. आपल्याला म्हणजे मराठी श्रोत्यांना दुसऱ्याचा ॲक्सेंट नीट ओळखता येतो का?

काही बाबतींत चांगला, काहींत अजिबात नाही. प-फ चा फरक मराठीतच असल्यामुळे श्वासाचा झोत आपला कान पटकन पकडतो. 'व्ह' आणि 'व' चा फरक मात्र निसटतो, आणि 'मिल्क', 'पीपल' मधला मागे ओढलेला जड 'ल' तर लक्षातही येत नाही. दुसरा घोटाळा असा की, जो जीभ गुंडाळून 'र' म्हणतो आणि नाकात बोलतो त्याला आपण 'एकदम फॉरेनर' म्हणतो. अशा माणसाला अमेरिकन श्रोत्याने नेटिव्ह म्हणण्याची शक्यता फार कमी.

9. चेहरा किंवा नाव बघून ॲक्सेंट जास्त जाणवतो, हे खरं का?

खरं आहे. 1992 मध्ये संशोधक डोनाल्ड रुबिन यांनी अमेरिकन विद्यार्थ्यांना एकच रेकॉर्डिंग ऐकवलं. आवाज एका अमेरिकन बाईचाच होता. काहींना गोऱ्या बाईचा फोटो दाखवला, काहींना आशियाई चेहऱ्याचा. आशियाई चेहरा पाहणाऱ्यांना परका ॲक्सेंट 'ऐकू' आला आणि त्यांना मजकूरही कमी समजला.

याचा सरळ उपयोग आहे. कोणाच्या ॲक्सेंटचं मूल्यमापन करायचं असेल तर नाव, गाव, फोटो, शाळा यांतलं काहीही श्रोत्यांना कळू देऊ नका. 'हा शिरपूरकडचा मुलगा' असं आधी सांगितलं की चाचणी तिथेच संपली.

10. कॉलेजमध्ये ॲक्सेंटची चाचणी घ्यायची आहे. नीट कशी घ्यावी?

सगळ्यांकडून एकच उतारा वाचून घ्या. जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या 'स्पीच ॲक्सेंट अर्काइव्ह' मध्ये 69 शब्दांचा एक उतारा जगभरातल्या लोकांकडून वाचून घेतलेला आहे. तोच वापरला तर तुलनेला तयार आवाज मिळतात. वाचनाशिवाय प्रत्येकाचं एक मिनिटाचं न वाचता बोलणंही घ्या, कारण वाचताना माणूस स्पेलिंगकडे पाहून बोलतो. 'प्लंबर' मधला ब, 'वेडनेसडे' मधला ड, 'व्हेजिटेबल' चे चार अवयव हे सगळं वाचनात जास्त येतं.

रेकॉर्डिंग बंद खोलीत, पंखा बंद करून, मोबाइल तोंडापासून वीतभर अंतरावर थोडा बाजूला ठेवून करा. समोर धरला तर श्वासाचा झोत माइकवर आदळून फटफट येते. फाइल वेव्ह स्वरूपात ठेवा. प्रत्येकाचा 20 ते 30 सेकंदांचा तुकडा कापा, सुरुवातीचं 'गुड मॉर्निंग' वगळा आणि सगळ्यांचा आवाज एकाच पातळीला आणा. मोठा आवाज लोकांना उगाच चांगला वाटतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे बहुतेक जण विसरतात: तुकड्यांमध्ये जन्मजात इंग्रजी बोलणाऱ्यांचे तीन-चार आवाज मिसळा, आणि ते एकाच देशाचे नकोत. हे नसले तर श्रोते सगळ्यात बऱ्या विद्यार्थ्यालाच नेटिव्ह ठरवून मोकळे होतात. श्रोते किमान आठ-दहा असावेत. क्रम प्रत्येकासाठी वेगळा ठेवा. 1 ते 9 अशी पट्टी द्या, 1 म्हणजे परका ॲक्सेंट अजिबात नाही, 9 म्हणजे फार जड. काही तुकडे गुपचूप दोनदा वाजवा. एकाच तुकड्याला कोणी एकदा 3 आणि एकदा 8 दिले तर त्याची उत्तरपत्रिका बाजूला ठेवा.

समजलं किती, हे वेगळं तपासा. त्यासाठी श्रोत्यांकडून ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं लिहून घ्यायचं आणि बरोबर शब्द मोजायचे. हे का, ते प्रश्न 13 मध्ये.

11. व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोटवरून किंवा फोनवरून ठरवलं तर चालेल?

ढोबळ अंदाजाला चालेल, निकालाला नाही. जुन्या पद्धतीच्या फोन कॉलमध्ये साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. 'स' चा बहुतेक आवाज त्याच्या वर असतो, म्हणून फोनवर स, फ आणि थ एकमेकांत मिसळतात, बोलणारा कोणत्याही देशाचा असो. एचडी कॉलमध्ये हा पट्टा 7000 पर्यंत जातो आणि बराच फरक पडतो. व्हॉइस नोटमध्ये आवाज दाबलेला असतो, त्यात बारीक तपशील जातात. आघात आणि हेल मात्र टिकतात. फोनवर नाव सांगताना 'एस फॉर सिएरा, एफ फॉक्सट्रॉट' असं सांगायची पद्धत आहे, ती याचसाठी.

12. कानावर विश्वास नाही. कॉम्प्युटरवर मोजता येतं का?

काही गोष्टी येतात. 'प्राट' हे ॲम्स्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी केलेलं सॉफ्टवेअर मोफत आहे. वेव्ह फाइल उघडा, 'पेन' किंवा 'टू' शब्दापर्यंत झूम करा. ओठ सुटल्याची उभी टोकदार रेघ दिसेल. तिथपासून नियमित लाटा सुरू होईपर्यंतचा भाग निवडला की त्याचा कालावधी दिसतो. प्रश्न 3 मधल्या आकड्यांशी ताडून पाहा. एका शब्दावर जाऊ नका, प्रत्येक वर्णाचे निदान पाच शब्द घ्या आणि सरासरी काढा.

मोबाइल ॲप '92 टक्के नेटिव्ह' असं दाखवतं, त्या आकड्याला मात्र फारसा अर्थ नाही. ॲपला तुम्ही काय वाचणार हे आधीच माहीत असतं आणि ते आपल्याजवळच्या नमुन्यांशी तुलना करतं. नमुने अमेरिकन असतील तर उत्तम स्कॉटिश बोलणाऱ्यालाही ते कमी गुण देईल. माइक बदलला तरी आकडा बदलतो.

13. ॲक्सेंट जड असला की समोरच्याला समजत नाही, असंच ना?

नाही. 1995 मध्ये मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग यांनी कॅनडात हे वेगवेगळं मोजलं: ॲक्सेंट किती जड वाटतो, समजायला किती कष्ट पडतात, आणि प्रत्यक्षात किती शब्द बरोबर लिहिता येतात. ज्यांचा ॲक्सेंट श्रोत्यांनी फार जड ठरवला होता, त्यांचीही बरीच वाक्यं त्याच श्रोत्यांनी शंभर टक्के बरोबर लिहिली होती.

आमच्या मते या सगळ्या विषयात याहून महत्त्वाचा निष्कर्ष नाही. मुलांना न्यूनगंड असतो तो पहिल्या मोजमापाचा, आणि नोकरीत, दवाखान्यात, व्यवहारात कामाचं असतं ते तिसरं. ट-ड, थ-द यांनी ॲक्सेंट जड वाटतो, अर्थ क्वचितच अडतो. आघात, प-ब, बॅड-बेड आणि थर्टीन-थर्टी यांनी अर्थ अडतो.

14. परदेशी जाण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत भारतीय ॲक्सेंटचे मार्क कापतात का?

भारतीय आहे म्हणून कापत नाहीत. 11 ते 14 मिनिटांच्या स्पीकिंग परीक्षेत चार निकष असतात: ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. प्रत्येकाला समान वजन. उच्चारात पाहतात ते समजण्याची सहजता, आघात आणि हेल यांचा वापर. मातृभाषेच्या ॲक्सेंटमुळे समजण्यात किती अडथळा येतो, एवढाच त्याचा हिशेब. भाषा किती येते याच्या पातळ्या ठरवणाऱ्या युरोपच्या चौकटीनेही 2018 च्या पुरवणीत उच्चाराची मोजपट्टी नव्याने लिहिली आणि नेटिव्हसारखं वाटणं हे ध्येय सोडून दिलं. परीक्षेत अचानक अमेरिकन बोलायला गेलात तर ओघ तुटतो आणि नुकसान तिथे होतं.

15. पुण्याच्या इंटरव्ह्यूमध्ये 'एमटीआय जास्त आहे' म्हणून व्हॉइस राउंडला बाद केलं. पंधरा दिवसांनी पुन्हा संधी आहे. काय करू?

एमटीआय म्हणजे मातृभाषेचा प्रभाव. परदेशी ग्राहकांच्या कामात सहसा 'न्यूट्रल' बोलणं मागतात, नेटिव्ह नाही. पंधरा दिवसांत ॲक्सेंट बदलत नाही, पण ज्या जागा मुलाखतकाराला खटकतात त्या बऱ्याच कमी होतात.

पहिले पाच दिवस स्वतःची ओळख, शिक्षण, गाव, अनुभव यांतले चाळीसेक शब्द काढून फक्त त्यांचा आघात पक्का करा. मुलाखतीत तेच शब्द येणार. पुढचे चार दिवस टिश्यूची पट्टी. मग तीन दिवस ऑ आणि ॲ, विशेषतः 'कॉलेज', 'जॉब', 'बॅक ऑफिस', 'मॅनेजर'. उरलेल्या दिवसांत 'टू, ऑफ, फॉर, अँड, कॅन, वॉज' हे छोटे शब्द दाबून म्हणायचा सराव. रोज दोन मिनिटं रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. लगेच ऐकलं तर कानाला चूक दिसत नाही. पाठ केलेलं भाषण टाळा, सूर सपाट होतो आणि तो लगेच कळतो.

16. मुलीला कोणत्या वयापासून इंग्लिश मिडियमला घातलं की ॲक्सेंट नेटिव्ह होईल?

वय महत्त्वाचं आहे, हे खरं. इटलीतून कॅनडात गेलेल्या 240 जणांच्या 1995 च्या अभ्यासात, जितक्या लहान वयात माणूस तिकडे गेला तितका ॲक्सेंट हलका आढळला. पण ती मुलं कॅनडात वाढली, अंगणात, दुकानात, शाळेत कॅनेडियन इंग्रजी ऐकत. अमळनेर किंवा शहाद्याच्या इंग्लिश मिडियममध्ये मूल शिक्षकांचं आणि मित्रांचं इंग्रजी ऐकतं, आणि तेच उचलतं. तिथे ते उत्तम भारतीय इंग्रजी शिकेल, आणि ते पुरेसं आहे. यासाठी घरची बोली बंद करण्याची काहीही गरज नाही.

17. माझा भाचा न्यू जर्सीत जन्मला. दिवाळीत आला की आमच्याशी आमच्यासारखंच इंग्रजी बोलतो. त्याचा खरा ॲक्सेंट कोणता?

दोन्ही खरेच. समोरच्याच्या ढंगाकडे सरकणं ही माणसाची स्वाभाविक सवय आहे, आणि तो आजीला समजावं म्हणूनही तसं बोलत असेल. त्याला त्याच्या तिकडच्या मित्राशी फोनवर बोलताना ऐका. मूल्यमापन करताना म्हणूनच बोलणारा कोणाशी बोलत होता, हे नोंदवून ठेवावं.

18. ॲक्सेंटवरून माणूस कोणत्या देशाचा हे सरकारी कामात सिद्ध करता येतं का?

काही देशांत आश्रय मागणाऱ्यांच्या बोलण्याचं असं विश्लेषण होतं. 2004 मध्ये भाषाशास्त्रज्ञांच्या एका गटाने त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. भाषेवरून माणूस कुठल्या समाजात वाढला हे सांगता येतं, राष्ट्रीयत्व नाही, आणि हे काम प्रशिक्षित तज्ज्ञाचं आहे, असं ती सांगतात. खान्देशातच पाहा, अहिराणीचा पट्टा आणि गुजरातची हद्द एकाच रेषेवर थांबत नाहीत.

19. गाताना माझा ॲक्सेंट जाणवत नाही, बोलताना जाणवतो. असं का?

गाण्यात कोणता अवयव लांबवायचा आणि सूर कुठे चढवायचा, हे चाल ठरवते. म्हणजे आघात आणि हेल या दोन मोठ्या खुणा आपोआप झाकल्या जातात. उरतात ते वर्ण, आणि तेही आपण मूळ गायकाचं ऐकून उचललेले असतात.

20. सगळे वर्ण बरोबर, आघात बरोबर, परदेशात दहा वर्षं झाली, तरी लोक विचारतात, 'तुम्ही मूळचे कुठले?' आता काय राहिलं?

बहुधा वाक्याचा हेल. इंग्रजीत वाक्यातल्या नव्या माहितीच्या शब्दावर सूर हलतो आणि आधी येऊन गेलेला शब्द सपाट राहतो. 'आय डोन्ट वॉन्ट टी, आय वॉन्ट कॉफी' यात दुसरा 'वॉन्ट' जवळपास दबून जातो. भारतीय बोलण्यात बऱ्याच शब्दांवर सूर चढ-उतरतो आणि नव्या-जुन्याचा हा फरक कमी होतो. दुसरी जागा आकडेमोड आणि थकवा: मोजताना, रागात, झोपेत असताना पहिल्या भाषेच्या सवयी वर येतात.

सुधारायचंच असेल तर एखाद्या नेटिव्ह माणसाच्या मुलाखतीचं दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग घ्या, शब्द न म्हणता फक्त 'म्म-म्म' करत त्याचा सूर गुणगुणा, मग त्याच सुरावर शब्द बसवा. आणि 'कुठले?' असं कोणी विचारलं तर 'जळगावचा' किंवा 'धुळ्याची' म्हणून सांगा. समोरच्याला तुमचं सगळं समजलेलं आहे, म्हणूनच तो पुढचा प्रश्न विचारतोय.